फॉलोअर वाढले, गिऱ्हाईक कुठे?

वकिली करायची तर सनद लागते. सी.ए.च्या परीक्षेत मुले किती वर्षे अडकतात, ते त्यांच्या आईवडिलांना विचारा. आम्हां शिक्षकांनाही डी.एड., बी.एड.चा कागद दाखवल्याशिवाय वर्गात कोणी उभे करत नाही. पण ‘सोशल मीडिया एक्स्पर्ट’ व्हायला काय लागते? एक बरा मोबाईल, आणि आपल्या नावाखाली हे शब्द लिहिण्याइतका वेळ. त्यासाठी ना परिषद आहे, ना नोंदणी, ना सनद. ज्याने काल रात्री ठरवले, तो आज सकाळी एक्स्पर्ट.

हे वाचून कोणी असे समजू नये की या कामात खरे जाणकार नाहीतच. आहेत, आणि मेहनतीने काम करणारे आहेत. त्यांच्या मदतीने छोट्या गावातला माल मोठ्या शहरात विकला जातो, हे आम्ही पाहिले आहे. अडचण एवढीच की खरा कोण आणि बोलघेवडा कोण, हे सांगणारी पाटी कुणाच्या दारावर नसते. त्यामुळे पारख करण्याचे काम पैसे देणाऱ्यावर येते. या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

हा विषय आता घराघरातला झाला आहे. कुणी बहीण घरी केक करते, कुणी अबाया आणि बुरखे शिवते, कुणी मेहंदीच्या ऑर्डरी घेते, कुणी रमजानमध्ये इफ्तारीचे डबे पुरवते. इकडे कोकणात हापूस, कोकम, घरगुती मसाला. कुवेत-दुबईला पंधरा-वीस वर्षे काढून आलेले भाऊ साठवलेल्या पैशात एखादे दुकान टाकतात. दुकान टाकले की आठवड्याभरात कुणीतरी येऊन म्हणतो, “चाचा, आजकाल ऑनलाइन नसाल तर धंदा संपला समजा. पेज माझ्यावर सोडा.” चाचांना वाटते, मुलगा शिकलेला आहे, इंग्रजी शब्द पटापट बोलतो, त्याला माहीत असणार. आणि चाचा हो म्हणतात.

एका हंगामाची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या ओळखीच्या एका भावाने असेच हो म्हटले. अठरा वर्षे आखातात ड्रायव्हरकी करून ते परतले. घरची कलमे होती, माल चांगला होता. दलालाकडे पेट्या पाठवण्याऐवजी थेट गिऱ्हाइकाला विकायचे त्यांनी ठरवले. विचार योग्यच होता. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. खरा कोकणातला आंबा हवा म्हणून चार पैसे जास्त देणारी माणसे मुंबई-पुण्यात आहेत.

शहरातल्या एका ‘एक्स्पर्ट’ने त्यांना तीन महिन्यांचे पॅकेज सांगितले. पंचेचाळीस हजार रुपये, सगळे आगाऊ. मोबाईलवर त्याने दुसऱ्या कुठल्या तरी पेजचे आलेख दाखवले, सगळे वर चढणारे. भावाने पैसे दिले. काम सुरू झाले आणि खरोखरच आकडे वाढू लागले. चारशे फॉलोअर होते, ते दोन महिन्यांत बारा हजारांवर गेले. घरात सगळे खूश. शेजारी मुबारकबाद देऊ लागले.

हंगाम संपला तेव्हा त्यांनी वहीत पाहिले. ऑनलाइन आलेल्या ऑर्डरी नऊ होत्या. त्यातल्या सहा नातेवाइकांच्या आणि जुन्या ओळखीच्यांच्या. राहिलेला आंबा पिकून चालला, म्हणून शेवटी त्याच दलालाकडे पडत्या भावात गेला.

आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता, “बारा हजार माणसे माझे पेज बघतात, मग एकही आंबा का मागत नाही?” आम्ही दोघांनी मिळून फॉलोअरची यादी उघडली. नावे अशी की वाचता येईनात. बहुतेकांना फोटो नाही, स्वतःची एकही पोस्ट नाही, आणि त्यांनी मात्र हजारो लोकांना फॉलो केलेले. मग इन्स्टाग्रामच्या ‘इनसाइट्स’मध्ये गेलो. फॉलोअर कोणत्या शहरांतले आणि देशांतले, ते तिथे दिसते. मुंबई-पुण्याचा हिस्सा नावापुरता होता. बाकीचे अशा देशांतले, जिथे त्यांची पेटी कधीच जाणार नव्हती. जी खरी माणसे लाइक करत होती, ती कुवेतमधली त्यांची जुनी मित्रमंडळी. त्यांचे प्रेम खरे होते, पण त्यांना डझनभर आंबे पोहोचवणार कसे?

फॉलोअर बाजारात मिळतात

वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक नसेल की फॉलोअर विकत मिळतात. किलोच्या भावाने मिळावेत तसे, हजाराच्या भावाने. ती माणसे नसतात. बहुतेक बनावट खाती असतात, यंत्राने चालवलेली. जानेवारी २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अशाच एका अमेरिकन कंपनीच्या धंद्यावर मोठा शोधलेख छापला. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर कारवाई केली. २५ लाख डॉलरच्या रकमेचा आदेश झाला. आपल्याकडेही जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका गायिकेच्या तक्रारीचा माग काढत बनावट फॉलोअर विकण्याचे प्रकरण उघडकीस आणले आणि अटक केली. इन्स्टाग्रामने स्वतः नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले होते की बाहेरच्या अ‍ॅपमधून मिळवलेले खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट आम्ही काढून टाकणार. म्हणजे विकत घेतलेला माल टिकेल याचीही खात्री नाही.

यात पैसे वाया जातातच, शिवाय आणखी एक नुकसान होते. आपण पोस्ट टाकली की ती आधी काही लोकांना दाखवली जाते. त्यांनी ती पाहिली, थांबून वाचली, कुणाला पाठवली, तर ती पुढे जाते. पेजवर दहा हजार मुडदे भरून ठेवले, तर पोस्टची दखल घेणारे प्रमाणात कमी होतात आणि खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणे आणखी अवघड होते. दुकानात कागदाची माणसे उभी करून ठेवावीत आणि खऱ्या माणसाला आत शिरायला जागा राहू नये, तसा हा प्रकार.

शब्दांना घाबरू नका

आम्ही भाषा शिकवतो. अवघड शब्द समोर आला की मूल गप्प बसते, हे आम्ही रोज पाहतो. मोठी माणसेही तशीच गप्प बसतात. एक्स्पर्ट ‘रीच’, ‘इम्प्रेशन’, ‘एंगेजमेंट’ म्हणतो आणि समोरचा मान हलवतो. हे शब्द कठीण नाहीत.

‘रीच’ म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांना तुमची पोस्ट दिसली. ‘इम्प्रेशन’ म्हणजे ती एकूण किती वेळा दिसली. एकाच माणसाच्या समोरून पाच वेळा गेली तर रीच एक, इम्प्रेशन पाच. आता सांगा, फुशारकी मारायला यातला कोणता आकडा सोयीचा? ‘एंगेजमेंट’ म्हणजे लाइक, कमेंट, शेअर असे काहीतरी कुणी केले. ‘लीड’ म्हणजे कुणी चौकशी केली, फोन नंबर दिला. आणि ‘कन्व्हर्जन’ म्हणजे सौदा झाला, पैसे आले.

पहिले तीन आकडे वाईट नाहीत, पण त्यांनी घरात आटा येत नाही. दुकानदाराने शेवटच्या दोन आकड्यांबद्दल विचारावे. या महिन्यात चौकश्या किती आल्या? त्यातून विक्री किती झाली? त्यासाठी खर्च किती झाला?

हिशेब करून पाहू. समजा, एक बहीण केकचा कारोबार करते. एक्स्पर्टची महिन्याची फी ८,००० रुपये. जाहिरातीवर ६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८० रुपये. एकूण १५,०८०. एका केकमागे तिला सगळा खर्च वजा जाता १२० रुपये सुटतात. म्हणजे फक्त हा खर्च भरून निघायला महिन्याला १२६ केक जास्तीचे विकले गेले पाहिजेत, रोज चारहून अधिक. घरातल्या एका ओव्हनवर ते होणार आहे का? होणार नसेल तर एक्स्पर्ट कितीही हुशार असो, हा सौदा तिच्यासाठी तोट्याचाच आहे. पॅकेज ऐकल्यावर ‘हो’ म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन इतके गणित जरूर करावे. चौथीच्या मुलालाही जमेल असे ते आहे.

किल्ल्या आपल्याच हाती

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैसा गेला तर परत कमावता येतो, पण दुकानाची किल्लीच दुसऱ्याकडे गेली तर काय?

जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एका बहिणीचे असे झाले. शौहरच्या इंतकालानंतर तिने शिवणकामावर दोन मुलांना वाढवले. अबायांची तिची शिलाई इतकी सफाईदार की दूरदूरच्या बायका कापड पाठवत. एका तरुणाने तिला पेज उघडून दिले, पण ते उघडले स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या मोबाईल नंबरवर. दोन वर्षे ठीक चालले. मग फीवरून खटका उडाला आणि तिने काम थांबवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पेजवर तिला शिरता येईना. दोन वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, मापे, पत्ते, सगळे आत अडकले. परत हवे तर इतके पैसे द्या, असा निरोप आला. नाव तिचे, हुनर तिचा, आणि मालकी दुसऱ्याची. शेवटी तिने नवे पेज काढले आणि शून्यापासून सुरुवात केली. जुन्या पेजवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना आजही कुणी उत्तर देत नाही. ती मात्र समजतात की आपाने काम बंद केले.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पेज, इन्स्टाग्रामचे खाते, गुगलवरची दुकानाची नोंद आणि वेबसाइट असेल तर तिचे नाव, हे सगळे आपल्याच मोबाईल नंबरवर आणि आपल्याच ई-मेलवर उघडावे. एक्स्पर्टला काम करण्यापुरता प्रवेश देण्याची सोय असते. फेसबुक पेजवर पूर्ण ताबा आणि मर्यादित काम असे वेगवेगळे अधिकार देता येतात. गुगलच्या नोंदीवर ‘ओनर’ आणि ‘मॅनेजर’ वेगळे असतात. आपण मालक राहावे, त्याला मॅनेजर करावे. काम संपले की त्याचे नाव काढून टाकता येते. पासवर्ड सांगण्याची गरजच पडत नाही. जो म्हणतो, “पासवर्ड आणि ओटीपी दिल्याशिवाय काम होणार नाही,” त्याला एक तर काम येत नाही, किंवा त्याच्या मनात दुसरे काही आहे.

जाहिरातीचे पैसेही त्याच्या हातात रोख देऊ नका. जाहिरातीचे खाते आपल्या नावावर ठेवा, पैसे आपल्या कार्डातून किंवा यूपीआयमधून थेट जाऊ द्या. मग किती खर्च झाले ते बिलावर दिसते. रोख दहा हजार घेऊन तीन हजारांची जाहिरात करणारे आणि बाकीची खिशात घालणारे आहेत. हिशेब मागितला की ते आलेखाचा फोटो पाठवतात.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दलही सावध राहा. “एका क्लिकमध्ये दहा हजार लोकांना मेसेज” असे सॉफ्टवेअर विकणारे फिरत असतात. ज्यांनी मागितले नाही अशा लोकांना असे ढीगभर मेसेज पाठवणे व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यात नंबर बंद होऊ शकतो. जो नंबर दहा वर्षे दुकानाच्या पाटीवर आहे, पिशव्यांवर छापला आहे, तो एका दुपारी बंद पडला तर गिऱ्हाइकाने शोधायचे कुठे?

आणि घरून काम करणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. “तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर आलात तरच रील चालेल” असा आग्रह काही जण धरतात. यायचे की नाही, हे बहिणीने आणि तिच्या घराने ठरवायचे आहे. केकवर फिरणारे हात, कापडावर चालणारी सुई, उकळणारा मसाला यांनीही काम होते. घरचा मोबाईल, फोटोंची गॅलरी आणि गिऱ्हाईक बायकांचे नंबर कोणत्याही परक्या माणसाच्या हवाली करू नका. बायकांनी आपली मापे आणि पत्ते तुम्हांला विश्वासाने दिलेले असतात. ती अमानत आहे.

नेमण्याआधी काय पाहावे

शाळेत आम्ही मुलाचे गुण पाहतो, तशी शंका आली तर उत्तरपत्रिकाही मागवतो. इथेही उत्तरपत्रिका मागवा.

पहिली गोष्ट, त्याने केलेल्या तीन कामांची नावे घ्या आणि त्या दुकानदारांना स्वतः फोन करा. “फॉलोअर किती वाढले” असे विचारू नका. विचारा, “विक्रीत फरक पडला का? काम सोडताना खाती नीट परत दिली का? पुन्हा पैसे द्याल का?” दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होते. जो नावे देत नाही, “सगळे गोपनीय आहे” म्हणतो, त्याला सलाम करून निरोप द्या.

दुसरी, आलेखाचा फोटो पाहू नका. फोटोतला आकडा बदलणे पोराटोरांनाही जमते. समोर बसून खाते उघडायला लावा आणि चालू आकडे पाहा.

तिसरी, त्याचे स्वतःचे खाते तपासा. इन्स्टाग्रामवर ‘या खात्याबद्दल’ या भागात अनेक खात्यांचा देश आणि ते कधी उघडले, हे दिसते. फेसबुकवर ‘पेज ट्रान्स्परन्सी’मध्ये पेज केव्हा तयार झाले आणि त्याचे नाव बदलले का, ते कळते. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचे पेज मागच्या दिवाळीतले निघाले, तर एक प्रश्न तरी विचारायला हवा. फेसबुकच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’त कोणत्याही पेजची सध्या चालू असलेली जाहिरात कुणालाही फुकट पाहता येते. “अमक्या दुकानाची जाहिरात मीच चालवतो” असे तो म्हणाला, तर जाहिरात चालू तरी आहे का, हे तिथे पाहून घ्या.

चौथी, तो काय विचारतो ते ऐका. खरा जाणकार आधी तुमच्या धंद्याबद्दल विचारतो. गिऱ्हाईक कोण, कोणत्या गावचे, एका वस्तूमागे काय सुटते, महिन्याला किती माल देऊ शकता, रमजान आणि लग्नसराईत काय होते. बोलघेवडा स्वतःबद्दल बोलतो आणि पॅकेज काढतो.

पाचवी, हमी देणाऱ्यापासून दूर राहा. “गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो” असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. खुद्द गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. “रील व्हायरल करून देतो” हेही तसेच.

सर्टिफिकेटचे काय? गुगल आणि मेटा या कंपन्यांच्या परीक्षा असतात, त्या पास केलेला माणूस मेहनती आहे एवढे नक्की समजावे. तरी सर्टिफिकेट म्हणजे माल विकून दाखवल्याचा पुरावा नव्हे. बी.एड. झालेला प्रत्येक जण चांगला शिक्षक नसतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

काही जण पंचतारांकित अभिप्राय विकत आणून देतो म्हणतात. कधी दुकानात न आलेला माणूस लिहितो की इथली बिर्याणी लाजवाब आहे. ही खोटी गवाही झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले, इतका हा प्रकार वाढला आहे. तराजूत पासंग ठेवून मिळवलेल्या कमाईत आणि अशा कमाईत फरक कोणता?

तोंडी बोलणे आणि कागद

आपल्याकडे ओळखीत लिहून घेणे म्हणजे अविश्वास समजतात. “आपलाच मुलगा आहे, लिहून काय घ्यायचे?” कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सगळे जाणतो आणि व्यवहाराच्या वेळी विसरतो. लिहिल्याने भरवसा कमी होत नाही, भांडण कमी होते.

एक साधा कागद पुरे. महिन्याला काय काम करायचे, किती पोस्ट, जाहिरातीवर जास्तीत जास्त किती खर्च, हिशेब कोणत्या तारखेला द्यायचा, खाती कोणाच्या मालकीची, काम थांबवायचे तर किती दिवस आधी सांगायचे, आणि फोटो-व्हिडिओ कोणाचे राहणार. दोघांच्या सह्या. पैसे महिन्या-महिन्याने द्यावेत, वर्षाचे आगाऊ नकोत. आधी एक महिना थोड्या पैशांत करून पाहावे. आंबा घेतानाही आपण एक कापून बघतो.

फसवणूक झालीच, पैसे काढून घेतले किंवा खाते बळकावले, तर शरमेने गप्प बसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. बोलणी, पावत्या, स्क्रीनशॉट पुसू नका.

एका शिलाईवाल्याला मिळालेला सल्ला

खरा जाणकार कसा असतो, तेही सांगायला हवे. आमची एक माजी विद्यार्थिनी हेच काम करते. एका शेरवानी शिवणाऱ्या चाचांनी तिला बोलावले. तिने दुकान पाहिले, कारागीर मोजले, तासभर बसून विचारपूस केली. मग म्हणाली, “चाचा, तुमच्याकडे दोनच कारागीर आहेत आणि लग्नसराईत तुम्ही आताच नाही म्हणता. तुम्हांला माझी दर महिन्याला गरज नाही. गुगलच्या नकाशावर दुकान टाका, ते फुकट आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, तेही फुकट आहे. त्यात कपड्यांचे फोटो आणि दर भरा. मी एकदा बसून शिकवते, पाचशे रुपये द्या.” चाचांनी पाचशे दिले. आता शहराबाहेरचे नवरदेव नकाशा बघत दुकानात येतात. त्या मुलीला त्यांनी पुढे आणखी चार दुकाने मिळवून दिली.

ती जे म्हणाली ते अनेकांना लागू पडते. नकाशावर दुकानाची जागा, उघडण्याची वेळ, खरा फोन नंबर आणि उजेडात काढलेले पाच-सहा फोटो, हे घरातला कुणीही मुलगा-मुलगी करू शकते. जुन्या गिऱ्हाइकांची यादी वहीत आहे, त्यांना ईदच्या आधी एक आदबशीर निरोप पाठवता येतो. नवीन गिऱ्हाईक आले की विचारता येते, “आमच्याबद्दल कुठे कळले?” आणि उत्तर वहीत लिहिता येते. तीन महिने ही वही ठेवा. त्यानंतर मदतीची गरज आहे की नाही, आणि नेमकी कशाची, हे तुम्हांलाच कळेल. मग जाणकार बोलवा आणि त्याच्या मेहनतीचे पूर्ण दाम द्या. स्वस्तात हवे म्हणून कुणाही पोराच्या हाती दुकान देणे ही चूक आहे, तशीच खऱ्या कामाचे पैसे बुडवणे हीही चूक आहे.

आपल्या मुलांना

शेवटी थोडे आपल्या तरुणांशी. दहावी-बारावीनंतर अनेक मुले आम्हांला सांगतात, “सर, डिजिटल मार्केटिंग करणार.” जरूर करा. चांगले काम आहे, घरून करता येते, मुलींनाही करता येते. पण दोन महिन्यांचा कोर्स झाल्यावर नावाखाली ‘एक्स्पर्ट’ लिहू नका. ‘शिकतो आहे’ असे सांगा, कमी पैसे घ्या, अब्बांच्या किंवा मामूंच्या दुकानावर वर्षभर हात बसवा, आकडे लिहून ठेवा. कुठे चुकले तेही लिहा. नीम हकीम खतरा-ए-जान, ही म्हण आपण आजारपणात वापरतो. दुकानही आजारी पडते, आणि चुकीच्या औषधाने त्याचाही जीव जातो. तुमच्या समोर बसलेल्या माणसाने दिलेले पंचेचाळीस हजार हे अठरा वर्षांच्या परदेशातल्या रात्रपाळ्यांतले असू शकतात, किंवा एखाद्या आपाने बांगडी मोडून आणलेले.

आंबेवाल्या त्या भावाने पुढच्या हंगामात एक्स्पर्ट नेमला नाही. आधीच्या नऊ गिऱ्हाइकांना फोन केले, तुमच्या इमारतीत आणखी कुणाला हवेत का विचारले. मुलीने घरच्या अढीचे रोज एक छायाचित्र टाकले. त्या वर्षी दीडशेच्या वर पेट्या थेट गेल्या. पेजवरचे ते बारा हजार आता घटत घटत सात हजारांवर आले आहेत. ते कुठे गेले, हे विचारायला घरात कुणालाही सवड नाही.